शिफारसपत्र : कृपा की साक्ष?

'शिफारस' हा शब्द फारसीतून मराठीत आला तो दरबारी व्यवहाराची छटा घेऊनच. वरिष्ठाजवळ कोणासाठी रदबदली करणे, हा त्याचा रूढ अर्थ. 'वशिला' हा त्याचा निकटचा शेजारी. त्यामुळे शिफारस मागणारा मनातून ओशाळलेला असतो आणि देणारा आपण उपकार करीत आहोत असे समजतो. अमेरिकेतील आरोग्यविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आपले विद्यार्थी पत्रे मागावयास येतात तेव्हा ही छटा आड येते. कारण तेथील प्रवेशसमितीला शिक्षकाकडून साक्ष हवी असते.

हा विषय भाषाविभागांना परका नाही. वाचा व श्रवण या दोषांवरील उपचारांचे शिक्षण घेण्यास भाषाविज्ञानाची पार्श्वभूमी उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर २००९ पासून कथनात्मक वैद्यक हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. रुग्णाची कहाणी नीट ऐकणे व वाचणे हे त्याचे सूत्र होय. अशा वेळी साहित्याच्या अध्यापकाची साक्ष मोलाची ठरते.

अशा मागणीचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे. १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्यावर आनंदीबाई जोशी यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथून २८ जून रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाचे आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करीत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपली प्रकृती चांगली आहे, आप्त व जात यांचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, आणि पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना मदत करणे हा आपला हेतू आहे, असे त्यांनी कळविले. प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. हे शिफारसपत्र नव्हे, विनंतीपत्र आहे. तरीही त्यातील शिस्त ध्यानी घेण्याजोगी आहे. उणीव झाकलेली नाही, स्तुती मागितलेली नाही, आणि निर्णय करणाऱ्याच्या हाती ठोस तपशील दिलेला आहे.

आजची रीत थोडक्यात अशी. सामान्यतः दोन किंवा तीन पत्रे लागतात. अर्जदार शिफारसकर्त्याचे नाव व पत्ता कळवितो. संस्था शिफारसकर्त्याशी परस्पर संपर्क साधते आणि पत्रही परस्परच जाते. १९७४ च्या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला. मात्र गोपनीय शिफारशींपुरता तो हक्क त्यास लेखी सोडता येतो. बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण अर्जदार वाचणार नाही अशा पत्रावर समितीचा विश्वास अधिक बसतो.

म्हणून शिफारसकर्ता पदावरून निवडू नये. ज्याने आपले काम डोळ्यांनी पाहिले तो निवडावा : प्रबंधिका तपासणारा अध्यापक, रुग्णालयात वा आरोग्यकेंद्रावर देखरेख करणारा अधिकारी. मागणी मुदतीपूर्वी पाच-सहा आठवडे करावी आणि तीत नकारास जागा ठेवावी. "आदरणीय बाई, आपण माझा निबंध तपासला होता. त्या आधारे माझ्याविषयी आपणांस पुरेसे लिहिता येईल का? येणार नसेल तर निःसंकोच कळवावे," एवढे पुरे. कोमट पत्र हे नकाराहून अधिक घातक असते. होकार मिळाल्यावर गुणपत्रिका, हेतुनिवेदन, तपासलेला निबंध, अभ्यासक्रमांची नावे व मुदती एकत्र द्याव्यात. मुदतीआधी आठवडाभर एकवार स्मरण द्यावे, आणि निकाल कोणताही लागो, तो कळवावा.

आता आपल्या बाजूचा दोष. "मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो," हे वाक्य आपल्या विभागांत फार सहज उच्चारले जाते. त्यामागे कामाचा व्याप असतो. कित्येकदा इंग्रजी पत्रलेखनाचा संकोचही असतो. परंतु परिणाम असा होतो की तीन सह्यांची तीन पत्रे एकाच आवाजात बोलू लागतात. ज्यांनी आयुष्यभर निवेदकाचा आवाज ओळखावयास शिकविले, त्यांना ही फसगत लक्षात येऊ नये, हे नवल आहे. आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतो : साक्षीदारच नसलेली साक्ष कोणी ग्राह्य धरीत नाही.

मसुद्याऐवजी विद्यार्थ्याकडून प्रसंगांचे टिपण मागावे. कोणत्या दिवशी त्याने काय विचारले, कोठे चुकला, ती चूक कशी सुधारली. बाकीचे आपण लिहावे. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरी कोणीही महाविद्यालय न पाहिलेल्या मुलीजवळ वशिला नसतो. तिच्याजवळ असते ते केवळ तिचे काम, आणि ते पाहिलेले आपले डोळे.