इंजिनालाही छप्पर हवं

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' या तीन इंजिनांनी ओढली, हे आपण शाळेत शिकतो. आज या तिघांपैकी एकही इंजिन उरलेलं नाही. त्यांच्या पाठच्या इंजिनांची तरी अशी गत होऊ नये, यासाठीच रेल्वे संग्रहालयं असतात.

दिल्लीत चाणक्यपुरीला १९७७ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सुरू झालं. तिथे भोर आणि थळ घाटांसाठी आणलेल्या जातीचं 'सर लेस्ली विल्सन' हे विजेचं इंजिन आहे. रेल्वेतली मंडळी या जातीला 'खेकडा' म्हणत. पण असं इंजिन संग्रहालयात आणून उभं केलं, की ते वाचलं का?

बहुतेक ठिकाणी जुनी इंजिनं उघड्यावर, ऊनपावसात उभी असतात. एवढं लोखंडाचं धूड, त्याला काय होणार, असं आपल्याला वाटतं. धावत्या इंजिनाला रोज तेलपाणी होत असे, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुतला जाई. उभ्या इंजिनाच्या नशिबी यातलं काहीच नसतं.

गंज लागतो तो आतून. बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवणारा थर असतो आणि त्यावर पातळ पत्रा. पत्र्याच्या फटीतून पाणी शिरलं, की तो थर ओल धरून बसतो. चिमणीखालच्या धूरपेटीत कोळशाची राख साचलेली असते. राखेत गंधक असतं. त्यावर पावसाचं पाणी पडलं, की आम्ल तयार होतं आणि तळाचा पत्रा खातं. मी एका संग्रहालयात अशा धूरपेटीत वाकून पाहिलं, तर तळातून खालची खडी दिसत होती. बाहेरून मात्र इंजिन नव्या काळ्या रंगात चकाकत होतं. गंज न खरवडता दिलेला रंग म्हणजे दुखण्यावर घातलेलं पांघरूण.

उपाय फार खर्चाचे नाहीत. डोक्यावर छप्पर, चिमणीला झाकण, राख काढून टाकणं, साचलेल्या पाण्याला वाट, सांध्यांना ग्रीस आणि प्रत्येक इंजिनाची एक नोंदवही. हरियाणातल्या रेवाडी इथल्या १८९३ सालच्या शेडमध्ये जुनी वाफेची इंजिनं आजही चालती ठेवली आहेत. १८५५ साली बनलेलं 'फेअरी क्वीन' १९०९ साली सेवेतून निघालं होतं. ते १९९७ साली पुन्हा रुळावर धावलं. मनावर घेतलं तर हे जमतं.

घाई आहे ती माणसांची. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ साली थांबली. त्या वेळचे तरुण फायरमनही आता निवृत्तीला आले किंवा निवृत्त झाले. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारी ही माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवं.

मुलांना घेऊन पुढच्या खेपेला संग्रहालयात जाल, तेव्हा फोटो जरूर काढा. पण चिमणीला झाकण आहे का, इंजिनाखाली गंजाचा चुरा पडलाय का, हेही बघा आणि जे दिसेल ते अभिप्रायवहीत लिहून या.