नवजात वासराचा पाय : समज आणि वस्तुस्थिती

गाय व्याली, तिने वासरू चाटून कोरडे केले, आणि दोन तास लोटले तरी ते पायांवर उभे राहीना, की गोठ्यात जमलेल्या मंडळींत निदानांचा सुकाळ होतो. कोणी गाभण गाईला ग्रहण लागल्याचा दाखला देतो, कोणी पाय मोडलाच असे ठरवून कामट्या शोधू लागतो, आणि एखादा अनुभवी म्हणविणारा गृहस्थ सळई तापविण्याची तजवीज करतो. डागण्याविषयी इतकेच म्हणणे पुरे की त्याने हाड जुळत नाही व स्नायुबंधही सैल होत नाही. दुखण्यात एका जखमेची भर मात्र निश्चित पडते.

पुष्कळदा तो पाय मोडलेलाच नसतो. मोठ्या वासराला गर्भाशयात अवघडून राहावे लागले, तर त्याच्या पायामागचे स्नायुबंध आखडतात आणि जन्मानंतर ते खूर मागे मुडपून सांध्याच्या पुढल्या बाजूवर भार देते. अशा वेळी पाय हाती घेऊन सावकाश ताणून पाहावा. तो सरळ होत असेल आणि कोठे सूज वा हाडांचा करकर आवाज नसेल, तर जाड काडाच्या बिछान्यावर त्याला हिंडूफिरू दिल्याने सौम्य व्यंग बहुधा थोड्या दिवसांत आपोआप ओसरते. आखडलेपण अधिक असल्यास भरपूर कापूस गुंडाळून आधारपट्टी बांधावी लागते, पण ती रोज सोडून खालची कातडी पाहिल्यावाचून चालत नाही. ग्रहणाचा या प्रकरणाशी कसलाही संबंध नाही.

खरी मोड होते ती बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. अडलेल्या गाईच्या वासराला जितका जोर लावावा तितके बरे, या समजुतीने चार-सहा गडी दोराला लोंबकळतात, क्वचित ट्रॅक्टरही जुंपला जातो, आणि दोराचा एकच फास खुराच्या वरच्या सांध्यावर आवळला गेल्यामुळे सारा ताण नळीच्या हाडावर एकवटून ते मोडते. दोर वा साखळीचा पहिला फास त्या सांध्याच्या वर घ्यावा आणि दुसरा अर्धा वेढा सांध्याच्या खाली टाकावा, म्हणजे ताण दोन ठिकाणी विभागतो; ओढायचे ते गाय कळ देईल तेव्हाच, आणि दोन्ही पाय आळीपाळीने, जेणेकरून खांदे तिरपे होऊन मार्ग मोकळा होतो. दोघांच्या बळाने वासरू हलत नसेल, तर जोर वाढविण्याची ती वेळ नव्हे, पशुवैद्यास बोलावण्याची आहे. वासराचे कमरेचे हाड गाईच्या कटीत अडकले असताना केलेल्या ओढाताणीने मांडीचे हाड मोडते किंवा मांडीची चेता दुखावते. मग वासराला मागचा पाय टेकवत नाही, आणि काही दिवसांत मांडीचा स्नायू झिजलेला दिसतो.

‘मोडल्या पायाचे वासरू जगत नाही’ हा निकाल मात्र घाईचा आहे, कारण कोवळे हाड लवकर जुळते व नळीचे हाड प्लास्टरमध्ये चार ते सहा आठवड्यांत सांधते. प्लास्टरने मोडीच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे अचल केले पाहिजेत. नुसत्या मोडीभोवती बांधलेली पट्टी खाली भार होऊन उलट हाड हलवते. मांडीच्या मोडीला हा उपाय लागू पडत नाही. हाडवैद्याच्या घट्ट कामट्यांखाली खूर थंड पडला, वर सूज चढली वा दुर्गंधी सुटली, तर बंधन त्याच क्षणी सोडावे. रक्तपुरवठा तुटलेला पाय कोणासही वाचविता येत नाही. मोडीवर तेल चोळणे हेही तितकेच घातक.

आणखी एक घोटाळा आहे, आणि तो सर्वांत अधिक फसविणारा. चार-आठ दिवसांच्या वासराचा गुडघा किंवा मागचा सांधा गरम होऊन सुजला, की ‘गाईने लाथ मारली’ असे म्हणून लेप लावला जातो. वस्तुतः नाळेतून शिरलेले जंतू रक्तावाटे सांध्यात उतरलेले असतात, आणि त्याला लागलीच प्रतिजैविकांचा इलाज हवा असतो. त्याचे मूळ पुष्कळदा जुन्याच एका नियमात सापडते, तो म्हणजे वार पडेपर्यंत चीक पाजू नये. वासराच्या आतड्याला चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची शक्ती पहिल्या काही तासांतच भरपूर असते आणि सुमारे 24 तासांत ती संपते. म्हणून वार पडो वा न पडो, पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, आणि दिवसभरात वजनाच्या सुमारे एक दशांश. नाळेला टिंक्चर आयोडीन लावणे, हे त्याच्याच जोडीचे काम.

वेदनेसाठी माणसाच्या औषधांचे इंजेक्शन देण्याचा मोह टाळावा. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात, म्हणून 2006 साली भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्या उत्पादनास बंदी घातली, आणि 2015 साली माणसांसाठीच्या त्याच्या इंजेक्शनच्या कुपीचे प्रमाणही 3 मिलिलिटरवर आणले, कारण मोठ्या कुप्या आडमार्गाने गोठ्यात पोहोचत होत्या. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. मात्रा पशुवैद्याने वासराच्या वजनावर ठरवावी.