स्कूटर किती बनवायच्या, हे दिल्ली ठरवायची

दारात गिऱ्हाइकांची रांग आहे, यंत्रं तयार आहेत, कामगार तयार आहेत. पण मंजुरीपेक्षा जास्त स्कूटर बनवल्या तर कायदा मोडतो! आज विनोद वाटेल, पण पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोनं हा काळ पाहिलाय. १९५१च्या उद्योग कायद्यामुळे मोठ्या कारखान्यानं काय आणि किती बनवायचं, यालाही दिल्लीचा परवाना लागे. लोक स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत.

तेव्हा विकासाची योजना म्हणजे वस्तूंचा हिशेब. देशाला पेनिसिलिन हवंय ना? मग सरकारनंच कारखाना काढायचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, आलं आणि राज्यात विचाराची दिशाच बदलली. परवाना अजून दिल्लीचाच; पण वस्तू कोणती, हे उद्योजक बघेल. आपण प्लॉट, रस्ता, पाणी द्यायचं. आणि मग गंमत बघा! ट्रक बनवणारी टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली. एका ट्रकला किती सुटे भाग लागतात? ते सगळे एकाच छपराखाली कोण बनवणार? भोसरीत लेथ फिरू लागले, ओतकाम, प्रेसकाम, टूलरूम सुरू झाल्या. यातलं प्रत्येक वर्कशॉप कोणत्या योजनेत लिहिलं होतं? कुठल्याच नाही! पहिल्या कारखान्यानं विरजणाचं काम केलं. एक उद्योग दुसऱ्याला ओढून आणतो, हे अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८मध्येच मांडलं होतं.

राज्य सरकार १९६४पासून सवलती देऊन उद्योगांना मागास भागांकडे वळवू पाहत होतं. पण सवलतीत कुशल हात आणि तयार पुरवठादारांचा शेजार कसा देणार?

१९९१मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. २००९मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. २०१५मध्ये दिल्लीतल्या नियोजन आयोगाची जागा नीती आयोगानं घेतली, आणि त्याच वर्षी इथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आलं. शहर आणि भोवतालची गावं आता एकत्र बघायची होती.

का? चाकणच्या तळेगाव चौकात ट्रक अडकला, की त्यातल्या भागांची वाट बघणारी असेंब्ली लाइनही अडचणीत येते. त्याच कोंडीत पाळीला निघालेली कंपनीची बसही उभी असते. गाडी कोणती बनवायची, ते कारखानदार बघून घेईल. माणूस राहणार कुठे आणि कामावर पोचणार कसा, हे मात्र नियोजनालाच बघावं लागतं.