गल्लीतली मांजरे : शहर म्हणजे बेट नव्हे

मासळीबाजाराच्या मागे, खानावळीच्या उकिरड्याजवळ, शाळेच्या जिन्याखाली राहणारी, कोणाच्याच मालकीची नसलेली मांजरे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांची संख्या वाढली, रात्री बोके भांडू लागले, मुलांच्या डब्यात तोंडे जाऊ लागली, की तक्रारी सुरू होतात. मग ठरलेला उपाय पुढे येतो : पोत्यात भरा आणि नदीपलीकडे सोडून या. क्वचित विषही घातले जाते. काही दिवस शांततेत जातात आणि सहा-आठ महिन्यांत मांजरे पुन्हा तेवढीच दिसू लागतात. असे का होते? दयामायेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आपण आधी हिशेब तपासू.

पिल्लांचा हिशेब

मांजरी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येते. गर्भावधी सुमारे नऊ आठवड्यांचा. तिच्या शरीरात बीजांड समागमानंतर सुटते, त्यामुळे गर्भधारणा सहसा हुकत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकाट मांजरांचा एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका मांजरीची वर्षाला सरासरी १.४ वेते आणि दर वेताला साधारण ३ पिल्ले आढळली. म्हणजे वर्षाला चारच्या आसपास. पण पाहणीतील १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. चारांतील तीन!

याचा अर्थ असा, की मांजरांची संख्या केवळ जन्मांवर ठरत नाही. त्या जागी अन्न आणि आसरा किती आहे, यावरही ती ठरते. दहा मोठी मांजरे उचलून नेली तरी उकिरडा तिथेच राहतो. मोकळ्या जागेत शेजारची मांजरे शिरतात आणि एरवी दगावली असती अशी पिल्लेही जगण्याची शक्यता वाढते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील जंगलात संशोधकांनी मांजरे पकडून कमी करण्याचा प्रयोग केला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. कॅमेऱ्यांच्या नोंदींनुसार, थोडीथोडी मांजरे काढली जात असताना त्या दोन्ही ठिकाणी मांजरे घटण्याऐवजी वाढली होती.

बेटावर जमले ते

मग मारून मांजरे कधीच संपत नाहीत का? संपतात, पण कोणत्या परिस्थितीत ते पाहावे. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील मॅरियन या दूरच्या बेटावर १९४९ साली हवामान केंद्रातल्या उंदरांसाठी पाच मांजरे नेली होती. १९७७ पर्यंत त्यांची सुमारे ३,४०० झाली आणि बिळांत घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांचा ती फडशा पाडू लागली. मग तेथे मांजरांच्या रोगाचे विषाणू सोडले गेले, रात्री बंदुकीने शिकार झाली, सापळे लावले गेले. १९९१ मध्ये बेट मांजरमुक्त झाले. शेकडो मैल समुद्र ओलांडून नवे मांजर येणे शक्य नव्हते, म्हणूनच हे जमले. आपल्या गल्लीभोवती असा समुद्र नाही.

रोमचा धडा

इटलीने १९९१ साली कायदा करून वेगळी वाट धरली. मोकळ्या मांजरांना मारायचे नाही, त्यांच्या जागेवरून हलवायचेही नाही. पकडायचे, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करायची आणि पुन्हा तिथेच सोडायचे. खूण म्हणून अनेक देशांत अशा मांजराच्या कानाचे टोक भुलीतच किंचित कापतात. लांबून पाहूनही ते पुन्हा पकडायला नको हे कळते.

रोम शहरात १९९१ ते २००० या काळात जवळजवळ ८,००० मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर १०३ वसाहतींची पाहणी करण्यात आली. ५५ वसाहतींत मांजरे घटली, २० मध्ये तेवढीच राहिली आणि २८ मध्ये चक्क वाढली! कारण सुमारे २१ टक्के मांजरे बाहेरून आलेली होती. काही आपणहून आली, काही लोकांनी घरची नको झाली म्हणून आणून सोडली. घरच्या मांजरांच्या संततिनियमनाचे लोकशिक्षण झाले नाही, तर हा सारा पैसा आणि श्रम वाया जातील, असे संशोधकांनी स्पष्ट बजावले.

उलट उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवाराचे. तेथे ११ वर्षांत १५५ मांजरांची नोंद झाली. त्यांतील ४७ टक्के मांजरांना घरे मिळवून दिली, उरलेल्यांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि नवे मांजर दिसले की त्याला लगेच गाठले. १९९६ मध्ये तेथे ६८ मांजरे होती, २००२ मध्ये २३ उरली.

वर्गात करण्याजोगे गणित

वरील आकडे घेऊन विद्यार्थ्यांकडून हा हिशेब करून घ्यावा. दहा मांजरी असतील, तर वर्षाला ४२ पिल्ले जन्मतील आणि त्यांतील सुमारे ३१ मरतील. दहापैकी आठ मांजरींवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण ८ पिल्ले जन्मतील आणि ६ मरतील. म्हणजे पंचवीस पिल्लांची उपासमार वाचली. मात्र दोनच मांजरींवर शस्त्रक्रिया झाली तर काय? विद्यार्थ्यांनीच आकडे मांडावेत. अर्धवट मोहीम का फसते, हे त्यांना आपोआप कळेल.

निर्बीजीकरण झालेले मांजरही शिकार करते, हे लपवू नये. म्हणून पक्ष्यांच्या वीणस्थळांजवळ किंवा अभयारण्याच्या कडेला मांजरांना खाऊ घालून वसाहत वाढवणे योग्य नाही. वस्तीतही ठरलेल्या वेळी खाणे द्यावे, उरलेले उचलावे आणि कचऱ्याचे डबे झाकलेले असावेत. मुलांनी मांजरांची दुरून मोजणी करावी, त्यांना हात लावू नये. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. तरीही डोळे न उघडलेली पिल्ले खोक्यात घालून देवळाशी किंवा बाजारात ठेवली जातात. ठेवणाऱ्याला वाटते, कोणीतरी नेईल. पुढे काय होते ते १६९ पिल्लांच्या हिशेबात आलेच आहे. ते खोके ज्या घरातून निघते, त्या घरातले एखादे मूल बहुधा आपल्याच वर्गात बसलेले असते. रोमच्या संशोधकांनी मागितलेले लोकशिक्षण त्या बाकापासून सुरू करता येईल.