पाणी येण्याआधी उचलता येईल असं दुकान

नरसोबाच्या वाडीत देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी विकणारी दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तोंड अरुंद, आत खोली लांब. जयसिंगपूरच्या गल्ल्यांतली सलून आणि शिरोळ-कुरुंदवाडची चहाची हॉटेलं यांचीही हीच तऱ्हा. मोबाइलवर जपानी चहाघरांची चित्रं बघून अशा जागा तशाच सजवून घ्यायची हौस आता लहान गावांतही दिसते. उभ्या लाकडी पट्ट्या, कागदी कंदील, मंद पिवळे दिवे. दिसतं छानच. पण त्या पट्ट्या बहुधा एमडीएफच्या आणि भिंतीला कायमच्या ठोकलेल्या असतात. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या आहेत, आणि २००५, २०१९, २०२१ हे आकडे इथे पुराच्या खुणा म्हणून लक्षात ठेवले जातात. एमडीएफ पाण्यानं एकदा फुगलं की मूळ आकाराला येत नाही. म्हणून जपानकडून काय घ्यायचं, हा प्रश्न इथे नुसत्या सजावटीचा नाही.

क्योतोच्या जुन्या व्यापारी घरांची ठेवण आपल्याला ओळखीची वाटेल. रस्त्याला लागून दुकान, मागे राहतं घर, मध्ये उजेड-वाऱ्यासाठी चिमुकलं अंगण. दर्शनी भिंतीला घडीची फळी असते. दिवसा ती पाडून तिच्यावर माल मांडायचा किंवा माणसानं टेकायचं, रात्री उचलून भिंतीला लावायची. आतल्या खोल्या भिंतींऐवजी सरकत्या दारांनी पाडलेल्या. या दारांची खरी करामत खाचेत आहे. वरच्या आडव्या लाकडाची खाच खोल, खालच्या उंबऱ्याची अगदी उथळ. दार वर उचललं की खालून सुटतं आणि अलगद हातात येतं. बिजागरी नाही, स्क्रू नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे कागदाची दारं काढून बोरूच्या काड्यांची दारं बसवतात. एका दिवसात घराचा नूर पालटतो.

आपल्या पेठांतही ही युक्ती होती. जुन्या दुकानांना फळ्यांचं दार असे. वर-खाली खाच, प्रत्येक फळीवर क्रमांक. सकाळी एकेक काढून बाजूला रचायची, रात्री त्याच क्रमानं लावून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. शटर आलं आणि हे कसब मागे पडलं. सुरक्षेसाठी शटर हवं हे मान्य, पण पुरानंतर त्याच्या उभ्या पन्हळीत गाळ बसतो आणि ते अर्ध्यावर अडकतं. सागवानी फळी धुऊन सावलीत वाळवली की पुन्हा जागेवर बसते. आतल्या कपाटांना, आडोशांना, काउंटरला तरी ही खाच परत यावी, असं मला फार वाटतं.

जपानी सुतार अशी सुटी दारं करू शकतो, कारण सगळं मापात बांधलेलं असतं. खोली चटयांत मोजतात. क्योतोकडची चटई सुमारे १९१ बाय ९५.५ सेंटिमीटर, तोक्योकडची १७६ बाय ८८. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांची म्हणून ओळखली जाणारी ‘ताइआन’ ही चहाखोली १५८२च्या सुमाराची. क्योतोजवळच्या यामाझाकीत ती आजही उभी आहे. आतली बैठक फक्त दोन चटयांची, म्हणजे जेमतेम चाळीस चौरस फूट, आपल्या पानपट्टीएवढी. आत शिरायचं ते जेमतेम अडीच फुटांच्या दारातून, वाकून. तिच्या कोनाड्यात आतल्या कोपऱ्यांचे खांब मातीच्या गिलाव्यानं झाकून कोपरे गोलसर केले आहेत. भिंत नेमकी कुठे संपते ते डोळ्याला ठरवता येत नाही आणि जागा खोल वाटते. या युक्तीला खर्च गिलाव्यापुरता. दहा बाय बाराच्या सलूनमध्ये ती सहज जमेल.

उजेडाचा धडा घ्यायला क्योतोला जायची गरज नाही. याच तालुक्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप आहे. छताच्या मध्यावर गोल मोकळं आकाश, खाली गोल शिळा. उजेड तिथे उतरतो आणि गाभाऱ्याकडे जाता जाता मंदावतो. दुकानात चारी बाजूंनी सारख्याच ट्यूब लावल्या की हे सगळं हरवतं. माल किंवा आरसा उजेडात ठेवावा, बाकीचं थोडं सावलीत. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे असले की न्हाव्याचं कामही नीट होतं.

पण शिरोळला सर्वांत जवळचं जपान क्योतोत नाही. किसो, नागारा आणि इबी या नद्यांच्या सखल प्रदेशात गावंच्या गावं गोल बांधाच्या आत वसली. तिथे घराशेजारी दगडी चौथऱ्यावर उंच कोठी बांधत, पुरात तिच्यात धान्यही राही आणि माणसंही. होडी वळचणीला टांगलेली असे. काही घरांतला देव्हारा दोरी आणि कप्पीनं वरच्या मजल्यावर ओढता येई. नरसोबाच्या वाडीत पाणी चढलं की दत्तप्रभूंची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, तीच समज.

जुलै २०१८मध्ये ओकायामा प्रांतातल्या माबी गावावर जे आलं, ते तर इथल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. ताकाहाशी नदी तुडुंब असल्यानं तिला मिळणाऱ्या ओदा नदीला फुग आली, बांध फुटले आणि गाव बुडालं. कृष्णा चढली की पंचगंगेला लागणारी फुग ती हीच. अशा पुरांनंतर जपानी गावांत रस्त्याकडेला भिजलेल्या चटयांचे ढीग लागतात. तेव्हा चटई तिथेच राहू द्या. आपल्या जमिनीला शहाबादी फरशी आणि वर गुंडाळता येणारी सतरंजी उत्तम.

प्लायवूड घ्यायचंच तर आयएस ७१० खुणेचं, पाण्याला टिकणारं. वायर छतातून खाली आणावी, बोर्ड उंच ठेवावेत. आरसा तिरप्या पट्टीवर नुसता अडकवलेला असावा. काउंटर तीन-चार सुट्या खोक्यांचा करावा, प्रत्येक खोकं दोघांना उचलेल एवढंच. २०१९ला बैठ्या दुकानांचे पोटमाळेही पाण्याखाली गेले, त्यामुळे माळ्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. सगळं सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून जयसिंगपूरकडे नेता आलं पाहिजे. ट्रॉलीची रुंदी सुताराला पहिल्याच दिवशी, लाकूड कापण्याआधी, सांगून ठेवावी.