लखनौच्या चौकातील उन्हाळा

उत्तर हिंदुस्थानचा उन्हाळा महाराष्ट्रातील प्रवाशाला भिवविणारा खरा. मे महिन्यात लखनौचे तपमान ४० अंशांपलीकडे जाणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हे. दुपारी 'लू' नावाचा कोरडा, होरपळविणारा वारा सुटतो आणि रस्ते ओस पडतात. परंतु या शहरातील चौक मोहल्ल्यात जो चार दिवस राहील, त्याला असे आढळून येईल की, तेथील माणसे उन्हाळा नुसता सोसत नाहीत. तो सुखाने घालविण्याची एक रीत त्यांनी पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे.

गारव्याची घरे

नवाब आसफउद्दौला याने १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली आणि गोमतीकाठच्या या नगरीला वैभव आले. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या दरम्यानचा चौक हा जुन्या शहराचा गाभा होय. येथील जुनी घरे 'लखौरी' नावाच्या पातळ, लहान विटांची व चुन्याची. भिंती जाड आणि मधोमध अंगण. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते. रात्री अंगणाच्या वाटे ती वर निघून जाते. दारांवर वाळ्याचे तट्टे टांगून त्यांवर पाणी शिंपडले म्हणजे आत येणारी झुळूक गार तर होतेच, शिवाय सुगंधही घेऊन येते. अरुंद गल्लीत एका घराची सावली समोरच्या घराच्या उंबऱ्यावर पडते. थोडक्यात, येथील गारवा हा एकट्याचा नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मिळून असतो.

प्रख्यात हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर (१९१६–१९९०) याच मोहल्ल्यात राहिले. त्यांच्या 'बूँद और समुद्र' (१९५६) या कादंबरीत चौकातील गल्ल्या व माणसे अजरामर झाली आहेत. मराठी वाचकांना त्यांच्याविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' त्यांनीच हिंदीत नेला.

फालसे, काकडी आणि दशहरी

उन्हाळ्यातील खाद्यपेयांचा थाट काही वेगळाच. कैरीचे पन्हे आपल्या परिचयाचे आहेच. त्याच्या जोडीला बेलाचे सरबत, सातूचे पेय आणि बडीशेप, मिरी, खसखस घालून वाटलेली ठंडाई. काळे मीठ भुरभुरलेले जांभळट, आंबटगोड फालसे पानाच्या द्रोणातून खावेत. बोटाएवढ्या कोवळ्या काकडीला तर लैलेच्या बोटांची उपमा देऊन फेरीवाले ती विकीत. वस्तूपेक्षा वाणीवर गिऱ्हाईक खूष व्हावे, ही लखनौची जुनी खोड!

जूनमध्ये, आपल्याकडे हापूस आटोपत येतो त्या सुमारास, तेथे दशहरीचा बहर येतो. काकोरीजवळच्या दशहरी गावातील एका जुन्या वृक्षापासून ही जात पसरली असे मानतात. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील मलिहाबाद हे तिचे माहेर. मलिहाबादी दशहरीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे आंबे पाण्याच्या बादलीत बुडवून गार करावेत आणि सर्वांनी भोवती बसून चोखून खावेत. कापून बशीत मांडले, तर अर्धी गोडी गेलीच म्हणावयाची.

ज्येष्ठातील मंगळवार

या ऋतूचा मोठा उत्सव म्हणजे 'बडा मंगल'. उत्तरेकडील महिने पौर्णिमेनंतर सुरू होतात. त्यामुळे तेथील ज्येष्ठ आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. या महिन्यातील प्रत्येक मंगळवारी हनुमंताच्या दर्शनाला रांगा लागतात. अलीगंज येथील जुन्या मंदिराशी या प्रथेचा संबंध जोडतात. नवाबी काळातील या मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे! गल्लोगल्ली मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी आणि गार सरबत येईल त्याला दिले जाते. घेणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारीत नाही, आणि वाटणाऱ्यांतही मुसलमान शेजारी असतात. मोहरममध्ये 'सबील' लावून पाणी व सरबत पाजण्याची चालही याच शहराची. तहानेला धर्म नसतो, हे येथे प्रवचनातून सांगावे लागत नाही.

दिवस कलला की मोगऱ्याचे गजरे, वाळ्याचे व गुलाबाचे अत्तर आणि कुल्फीची दुकाने यांनी रस्ता पुन्हा जागा होतो. 'शाम-ए-अवध' म्हणतात ती हीच. तिच्या सुरांत मराठी माणसाचाही वाटा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली.

सुईवरचे काम

चौकाच्या दुकानांत टांगलेला शुभ्र चिकनचा कुडता हा उन्हाळ्याचा खरा पोशाख. कच्च्या रंगात ठशांनी नक्षी उमटवितात, तिच्यावर भरतकाम होते आणि मग कापड धुऊन तो रंग काढून टाकतात. तांदळाच्या दाण्यासारखी 'मुर्री', बाजरीच्या कणासारखा 'फंदा' आणि धागे न कापता केवळ बाजूस सारून साधलेली 'जाळी' पाहिली म्हणजे मती गुंग होते. हे काम बहुतांशी स्त्रिया घरी बसून नगावर मजुरीने करतात. मध्ये अनेक हात असल्याने किमतीतील अल्प भागच त्यांच्या पदरी पडतो. लखनौ चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण यंत्रावरची स्वस्त नक्कल त्याच दुकानांत शेजारी टांगलेली असते. ज्या कापडाने इतरांना गारवा मिळतो, ते भरणाऱ्या बाईच्या खोलीत पंखा तरी आहे का, हा प्रश्न गिऱ्हाइकाने मनाशी विचारावयास हवा.

आज अंगणाच्या जागी सिमेंटचे मजले उठत आहेत. वातानुकूलनाचे यंत्र एका खोलीला गारवा देते आणि तिची उष्णता गल्लीत टाकते. ज्याच्यापाशी यंत्र नाही, त्याच्या वाट्याला दुप्पट ताप येतो. जुने ते सारे चांगले, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि दारापुढची सावली, चौकातली पाणपोई आणि संध्याकाळची शेजारगोष्ट यांना खर्च थोडा व सुख फार. या उन्हाळ्यात आपल्या घरापुढे एक माठ भरून ठेवला आणि वाटसरूला दोन शब्द गोड बोललो, तर लखनौची ही रीत आपल्याही गल्लीत सहज रुजेल.