कंपनीचं कॉम्प्युटरचं काम: ठेक्यानं की सालानं?



येत्या आमसभेत कंपनीच्या कॉम्प्युटर कामाच्या कंत्राटाचा विषय आहे. ऑफिसचा विषय म्हणून सोडून देऊ नका. तुमची काटापट्टी, शेअरची नोंद, बँक खातं, आधार, सातबारा, सगळं त्याच कॉम्प्युटरात आहे. ऐन तुरीच्या खरेदीत तो बंद पडला तर चुकारे अडतात.

दोन पद्धती आहेत. एक *आयटी आउटसोर्सिंग*, दुसरी *मॅनेज्ड आयटी सर्व्हिस*. नावं जड आहेत, गोष्ट आपल्या वावरातलीच आहे.

सोयाबीनची सोंगणी आपण ठेक्यानं देतो. एकराचा भाव ठरला, काम झालं, पैसे दिले. मागून पाऊस येऊन गंजी भिजली तर ठेकेदार येत नाही, ते त्याचं कामच नव्हतं. सालदाराचं तसं नाही. पाडव्याला साल ठरतं, अन् मग ढोरं, पाणी, राखण, सगळं त्याच्या अंगावर. बैल आजारी दिसला की सांगायची वाट न पाहता तो येऊन सांगतो.

आउटसोर्सिंग म्हणजे ठरावीक काम बाहेर देणं. बिलाचा प्रोग्राम बनवून घेतला, सभासदांची यादी टाइप करून घेतली, मशीन बिघडलं की मेकॅनिक बोलावला. मॅनेज्ड सर्व्हिसही बाहेरच्यालाच दिलेली असते, पण तिथं कामाऐवजी जबाबदारी दिलेली असते. रोजचा बॅकअप, व्हायरसपासून राखण, प्रोग्राम अद्ययावत ठेवणं, बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्ती, हे सगळं करारात लिहिलेलं अन् महिन्याची रक्कम बांधलेली.

खरा फरक पैशाच्या वाटेत आहे. दर फेरीचे पैसे घेणाऱ्याला मशीन जितक्या वेळा बिघडेल तितकी कमाई. बांधलेली रक्कम घेणाऱ्याला प्रत्येक बिघाड म्हणजे फुकटची फेरी, म्हणून बिघाड होऊच नये हे तो पाहतो. अर्थात सालदारही कामचुकार निघू शकतो. करारात तास लिहिलेले नसतील तर बांधलेली रक्कम म्हणजे नुसता हप्ता.

गावच्या सोसायटीत हाच बदल होतो आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये. प्रत्येकीनं आपापला प्रोग्राम बनवून घेण्याऐवजी नाबार्डमार्फत सगळ्यांना एकच सामायिक प्रोग्राम.

पण काम दिलं म्हणजे जोखीम गेली असं नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर सायबर हल्ला झाला. ती लहान बँकांना तंत्रसेवा देते. खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडावं लागलं, अन् सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडले. बँका वेगवेगळ्या, खुंटा एकच.

कायदाही आपल्यालाच धरतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, अन् ती नोंद बंद करता येता कामा नये. हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा. यात चूक निघाली तर जाब कंपनीला, कंत्राटदाराला नाही.

आमचं मत असं: आपल्यासारख्या दोन-तीन कॉम्प्युटरच्या ऑफिसला मोठं पॅकेज नको. बॅकअप, हिशेब अन् सुरक्षा सालानं द्यावी, एकदाच करायची कामं ठेक्यानं. अन् माणूस यवतमाळ-दारव्हा पट्ट्यातून गाडीवर येऊ शकणारा असावा. इंटरनेटची लाइनच गेली तर पुण्यात बसलेला काय पाहणार?

आमसभेत हे नक्की विचारा 👇
▪️ मुख्य पासवर्ड कुणाच्या नावावर? कंपनीच्याच असले पाहिजेत.
▪️ करार मोडला तर आपली सगळी माहिती एक्सेलमध्ये किती दिवसांत परत मिळेल?
▪️ हंगामात, रविवारी बिघाड झाला तर किती तासांत माणूस येईल?
▪️ बॅकअपमधून माहिती परत काढून दाखवली का? नुसतं "बॅकअप आहे" हे ऐकून घेऊ नका. कोठी भरलेली आहे म्हणणं वेगळं, झाकण उघडून दाखवणं वेगळं.

आणखी एक. कंत्राट कुणालाही जावो, त्याच्या माणसाला तुमच्या ओटीपीची गरज कधीच पडत नाही. "कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतो" म्हणून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा अन् ऑफिसला कळवा. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर तक्रार करा.

तिन्ही कोटेशन ऑफिसात पाहायला ठेवली आहेत. प्रश्न याच नंबरवर लिहून किंवा बोलून पाठवा, ते आमसभेत वाचून दाखवू.